लाखमानची पद्धत आणि लाखमान

मागच्या व्याख्यानात आपण फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फपाशी थांबलो होतो. इलियड एका हाताने लिहिलं का, हा प्रश्न त्याने 1795 साली विचारला आणि पुढची शंभर वर्षं जर्मन विद्यापीठांना कामाला लावलं. आज ज्याच्याबद्दल बोलायचं तो कार्ल लाखमान वोल्फच्या पुढच्या पिढीतला. जन्म 1793, ब्राउन्श्वाइगचा, वडील धर्मोपदेशक. लाइपझिग आणि ग्यॉटिंगेनला शिक्षण झालं. 1815 मध्ये नेपोलियनविरुद्ध स्वयंसेवक म्हणून प्रशियाच्या सैन्यात गेला, तुकडीबरोबर पॅरिसपर्यंत पोचला, पण शत्रू काही दिसला नाही. तेवढं एक साहस सोडलं तर बाकी आयुष्य अभ्यासिकेत. आधी क्यॉनिग्सबर्ग, मग 1825 पासून बर्लिन, आणि 1851 मध्ये पायाचं दुखणं, पाय कापावा लागला, त्यातच मृत्यू. वय अठ्ठावन्न. चरित्र म्हणून याहून जास्त सांगण्यासारखं आमच्याकडे नाही, आणि त्याची गरजही नाही.

कामाचं मात्र तसं नाही. या एका माणसाने प्रॉपर्शियस संपादित केला, निबेलुंगनलीड केलं, वाल्थर फोन डेर फोगेलवायडं केला, वोल्फ्रामचा पार्झिफाल केला, ग्रीक नवा करार केला, रोमन जमीनमोजणीदारांचे ग्रंथ केले, लेसिंगचं समग्र साहित्य केलं आणि शेवटी ल्युक्रिशियस केला. लॅटिन, ग्रीक, मध्ययुगीन जर्मन आणि अगदी आदल्या शतकातला जर्मन लेखक, सगळ्यांना एकच शिस्त. लेसिंगसारख्या जवळच्या काळातल्या लेखकाला जुन्या पोथीइतकं गंभीरपणे घ्यायचं, ही कल्पनाच तोवर नवी होती.

आणि म्हणून आज जगात कुठेही चिकित्सक आवृत्तीचा विषय निघाला की ‘लाखमानची पद्धत’ हे दोन शब्द येतात. आमचं आजचं म्हणणं असं आहे, की या दोन शब्दांत एक घोटाळा आहे. पद्धत थोर आहे, लाखमानही थोर आहे, पण ती पद्धत त्याची म्हणावी इतकी त्याची नाही. आणि जे खरोखर त्याचं होतं, ते त्याला स्वतःलाच सगळीकडे पेललं नाही.

आधी पद्धत म्हणजे काय ते बघू. जुना ग्रंथ आपल्याकडे येतो तो नकलांच्या नकलांतून. मूळ लेखकाच्या हातचं काही नसतं. पन्नास पोथ्या आहेत, त्यात फरक आहेत. खरा पाठ कोणता? भाबडं उत्तर म्हणजे बहुमत घ्या. दुसरं भाबडं उत्तर म्हणजे जो पाठ अधिक गोड लागतो तो घ्या. शतकानुशतकं संपादकांनी या दोन्हींचं मिश्रण केलं.

आम्ही तीसेक वर्षं तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यात जे शिकलो तेच इथलं मर्म आहे. तीन विद्यार्थी लिहितात, सॉक्रेटिसने विषाचा प्याला घेतला. यावरून काही सिद्ध होत नाही, सगळ्यांनाच ते ठाऊक असतं. पण तिघेही लिहितात, की कांटचा जन्म 1742 साली झाला. 1724 नव्हे, 1742. आता मात्र या तिघांचा एकमेकांशी संबंध आहे हे कळतं. बरोबर उत्तरं सारखी असली तर नातं कळत नाही, चुका सारख्या असल्या की नातं कळतं. आणि त्या तिघांपैकी एकाच्या पेपरात 1742 शिवाय आणखी दोन खास चुका असतील, ज्या इतर दोघांकडे नाहीत, तर बाकीच्यांनी त्याचं पाहून लिहिलेलं नसणार. अशा तर्काने कुणी कुणाचं पाहिलं याचा वंशवृक्ष काढता येतो.

पोथ्यांचंही असंच. एका पोथीवरून शंभर नकला झाल्या असतील तर त्या शंभर साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. जी पोथी दुसऱ्या उपलब्ध पोथीवरून उतरली आहे असं सिद्ध होतं ती बाजूला ठेवायची. उरलेल्या शाखांवरून वर वर चढत जायचं आणि सगळ्यांच्या मुळाशी जी एक हरवलेली प्रत होती, तिच्यात काय होतं ते ठरवायचं. याला पाठनिश्चिती म्हणू. ती झाल्यावर, आणि तेव्हाच, त्या प्रतीतही जे उघड बिघडलेलं आहे ते सुधारण्याचा प्रयत्न करायचा. ती पाठशुद्धी. क्रम उलटा करायचा नाही. आधी साक्षीदार काय म्हणतात ते ऐका, मग तुमचं मत सांगा.

हे सारं लाखमानने शोधलं असा समज शंभर वर्षं होता. 1963 मध्ये सेबास्तियानो टिंपानारो या इटालियन अभ्यासकाने एक छोटं पुस्तक लिहून त्याला सुरुंग लावला. हा टिंपानारो विद्यापीठातला प्राध्यापक नव्हे, एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायचा. नंतर त्याने फ्रॉइडवरही पुस्तक लिहिलं. जिभेच्या घसरण्यात फ्रॉइडला दडपलेल्या इच्छा दिसतात, त्यातल्या पुष्कळ चुका कोणताही लेखनिक रोज करतो त्याच जातीच्या आहेत, असं त्याचं म्हणणं. आयुष्यभर मुद्रितं वाचलेल्या माणसालाच हे सुचावं! तर या टिंपानारोने दाखवलं, की पोथ्यांचा वंशवृक्ष काढण्याचं काम लाखमानच्या आधी आणि त्याच्या भोवती बऱ्याच जणांनी केलं होतं. स्वीडनमध्ये श्ल्यूटरने 1827 साली जुन्या कायद्यांच्या पोथ्यांचा काढला, त्सुम्प्टने 1831 मध्ये सिसेरोच्या भाषणांचा काढला, डेन्मार्कमध्ये माडविग त्याच वाटेवर होता. आणि लाखमानने? त्याने छापील वंशवृक्ष असा कधीच काढला नाही.

ल्युक्रिशियसचं प्रकरण तर त्याहून बोलकं आहे. ‘वस्तुस्वरूपावर’ हे ल्युक्रिशियसचं काव्य आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना जवळचं, कारण अणुवाद एवढ्या सविस्तर दुसरीकडे कुठे मिळतच नाही. त्याच्या नवव्या शतकातल्या दोन मुख्य पोथ्या लायडनला आहेत, आकारावरून त्यांना लांबट आणि चौकोनी अशी नावं पडली आहेत. लाखमानने त्या पाहिल्या आणि 1850 मध्ये एक विलक्षण हिशेब मांडला. चौकोनी पोथीत चार तुकडे आपल्या जागेवरून निखळून शेवटी जाऊन पडले आहेत. लांबट पोथीत तेच तुकडे जागच्या जागी आहेत. प्रत्येक तुकडा साधारण 52 ओळींचा. म्हणजे काय? मूळ प्रतीच्या एका पानाच्या दोन्ही बाजू मिळून 52 ओळी मावत होत्या, एका बाजूला 26. लांबट पोथीची नक्कल झाल्यावर मूळ प्रतीची चार पानं सुटली, कुणीतरी ती शेवटी खोचून ठेवली, आणि चौकोनी पोथीची परंपरा त्यानंतरच्या नकलेवरून आली. कुणी न पाहिलेल्या, केव्हाच नष्ट झालेल्या त्या ग्रंथाची पृष्ठसंख्यासुद्धा लाखमानने काढली: 302. आम्ही हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री एकटेच टेबलाशी बसून हसलो होतो, आनंदाने. अणू डोळ्यांना दिसत नाही पण त्याच्या परिणामांवरून तो आहे हे सिद्ध करता येतं, असं ल्युक्रिशियस सांगतो. त्याच्याच पोथीच्या बाबतीत त्याचा संपादक नेमकं तेच करतो.

जाता जाता एक. ल्युक्रिशियस अणूंची तुलना अक्षरांशी करतो. लाकूड आणि अग्नी यांच्या लॅटिन शब्दांत बरीचशी अक्षरं तीच आहेत, थोडी हालवाहलव केली की वस्तू बदलते. लेखनिकाच्या हातून हीच हालवाहलव न कळत होते.

आता घोटाळा कुठे आहे? या ल्युक्रिशियसच्या पोथ्यांचं नातं तीन वर्षं आधी, 1847 मध्ये, याकोब बेर्नाइस नावाच्या तरुणाने एका लेखात स्पष्ट मांडलं होतं. तेव्हा त्याचं वय फार तर तेवीस. वंशवृक्षाचं श्रेय द्यायचं तर ते बरंचसं त्याला जातं. पण पद्धतीवर नाव लागलं ते बर्लिनच्या प्राध्यापकाचं. असं होतं. विद्येच्या क्षेत्रातही ज्याच्याकडे अध्यासन, त्याच्याकडे नाव.

मग लाखमानचं स्वतःचं काय उरलं? आमच्या मते पुष्कळ उरलं, पण ते दुसऱ्या ठिकाणी आहे. ते आहे नव्या करारात.

युरोपात तीनशे वर्षं ग्रीक नवा करार छापला जात होता तो मुळात 1516 सालच्या इरास्मसच्या आवृत्तीवरून. इरास्मसने ती घाईत केली होती. हाताशी होत्या त्या उशिराच्या मोजक्या पोथ्या. प्रकटीकरणाच्या पुस्तकाचं शेवटचं पान त्याच्या पोथीत नव्हतं, तर त्याने लॅटिनवरून ग्रीक भाषांतर करून ती जागा भरली. हाच पाठ पुढे ‘सर्वमान्य पाठ’ म्हणून पवित्र झाला. लोक त्यातल्या चुका दुरुस्त करत, पण आधार तोच ठेवून. लाखमानने 1831 मध्ये तो आधारच काढून टाकला. सगळ्यात जुने साक्षीदार घेतले आणि त्यांच्यावरून नव्याने पाठ उभा केला. आणि या उलथापालथीचा खुलासा? पुस्तकाच्या शेवटी पानभरसुद्धा नाही. एका नियतकालिकात आपण आधी लेख लिहिला आहे, तो बघावा, एवढंच. गहजब झाला. बेंटलीने शंभर वर्षांपूर्वी अशीच योजना आखून सोडून दिली होती, म्हणून लाखमानला कुणी ‘बेंटलीचं माकड’ म्हटलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. लाखमानने असं म्हटलंच नाही, की हा प्रेषितांच्या हातचा मूळ पाठ आहे. त्याचं म्हणणं इतकंच होतं, की चौथ्या शतकाच्या अखेरीस, साधारण 380 च्या सुमारास, चर्चमध्ये जो पाठ प्रचलित होता तिथवर मी पुराव्याने पोचू शकतो, तेवढा देतो. त्या पाठात काही ठिकाणी उघड चूक दिसत असली, तरी जुने साक्षीदार तीच सांगत असतील तर तीच छापायची. दुरुस्ती ही नंतरची, वेगळी पायरी.

हे आम्हाला फार मोठं वाटतं. भाविक वाचकाला मूळ हवं असतं, प्रकाशकालाही मूळच हवं असतं, आणि संपादकाच्या अहंकाराला तर हवंच हवं. असं असताना एक माणूस म्हणतो, माझी शिडी इथवरच पोचते. ज्ञानाची मर्यादा आखणं हे कांटचं काम असं आम्ही वर्गात शिकवत आलो. क्यॉनिग्सबर्गमध्ये कांटनंतर काही वर्षांनी शिकवायला आलेल्या या माणसाने तेच काम एका ग्रंथाच्या पानांवर केलं, असं म्हणायचा मोह होतो. मोहच आहे, लाखमान कांट वाचून हे करत होता असा आमचा दावा नाही.

पाठनिश्चिती ही अर्थनिर्णयाशिवाय करता येते आणि तशीच करायला हवी, असंही त्याचं प्रसिद्ध मत आहे. यावर मात्र आमचा आक्षेप आहे. 1742 ही चूक आहे हे कळण्यासाठी कांट कधी जन्मला हे आधी माहीत असावं लागतं. सारखी चूक शोधायची तर चूक म्हणजे काय ते ठरवावं लागतं, आणि ते अर्थ लावल्याशिवाय ठरत नाही. त्याच बर्लिनमध्ये श्लायरमाखर सांगत होता, की अंश कळायला पूर्ण कळावं लागतं आणि पूर्ण कळायला अंश. लाखमानला हे वर्तुळ तोडता आलं नाही, कुणालाच येत नाही. फक्त त्याने एक पथ्य घालून दिलं: आपली आवड शक्य तितकी उशिरा पुढे आणा. सिद्धांत म्हणून ते लंगडं आहे, पथ्य म्हणून उत्तम आहे.

आणि हे पथ्य त्याने स्वतः मोडलं. कुठे? जिथे त्याला ‘मूळ’ हवं झालं तिथे. निबेलुंगनलीड हे महाकाव्य अनेक स्वतंत्र गीतं जोडून बनलं असावं, असं त्याचं तरुणपणापासूनचं मत. वोल्फने होमरबद्दल जे म्हटलं ते इथे लागू करायचं. मग त्याने ती गीतं शोधायला सुरुवात केली. वीस निघाली. गीतातल्या कडव्यांची संख्या सातने भागली गेली पाहिजे, असाही हिशेब बसवला. जी कडवी बसत नाहीत ती प्रक्षिप्त! महत्त्वाच्या तीन पोथ्यांपैकी त्याने प्रमाण मानली ती सर्वात आखूड, सर्वात खडबडीत, कारण ती त्याच्या गीतांच्या कल्पनेला जवळची होती. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, की तीच पोथी तिघींत दुबळी. इलियडच्याही त्याने अठरा फाका केल्या. ज्या माणसाने नव्या करारात आपला हात इतका आवरला, त्यानेच इथे हातात कात्री घेतली. सात या आकड्याचं समर्थन कोणता साक्षीदार करत होता? एकही नाही.

याकोब ग्रिम त्याचा मित्र. लाखमानच्या मृत्यूनंतर अकादमीत त्याने भाषण केलं, त्यात म्हटलं, की भाषापंडित दोन प्रकारचे: वस्तूंसाठी शब्दांकडे जाणारे आणि शब्दांसाठी वस्तूंकडे जाणारे, आणि लाखमान निःसंशय दुसऱ्या प्रकारातला. श्रद्धांजलीत इतकं खरं बोललेलं फार थोड्या वेळा सापडतं.

पुढची टीका थोडक्यात. 1928 मध्ये जोसेफ बेदिएने फ्रेंच ग्रंथांसाठी काढलेले शंभरावर वंशवृक्ष तपासले आणि त्याच्या लक्षात आलं, की जवळजवळ सगळ्यांना वरती दोनच फांद्या आहेत. तीन का नाहीत? तीन फांद्या असल्या तर दोन विरुद्ध एक असा निकाल आपोआप लागतो. दोन असल्या की निवड संपादकाच्या हाती राहते. म्हणजे यांत्रिक म्हणवणारी पद्धत नकळत संपादकाला मोकळीक देत होती. बेदिएचा उपाय असा, की झाडं सोडा, एक चांगली पोथी निवडा आणि ती छापा. दुसरी अडचण पाउल मासने आपल्या 1927 सालच्या छोट्या पुस्तकात मान्य केली. लेखनिकाने दोन पोथ्या समोर ठेवून पाठ मिसळले असतील, तर ही पद्धत तिथे चालत नाही.

आणि इथे ही कथा पुण्यात येते. ओढूनताणून आणत नाही, ती आपणहून येते. फ्रान्त्स कीलहॉर्न 1866 मध्ये डेक्कन कॉलेजात आले, इथे पतंजलीच्या महाभाष्याच्या संपादनाला लागले, आणि पुढे ग्यॉटिंगेनला परत गेले. तिथे त्यांचा विद्यार्थी हाइनरिश ल्यूडर्स. ल्यूडर्सने 1908 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक छापील नमुना काढला. ती युरोपीय योजना महायुद्धात बुडाली. पण केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला ल्यूडर्सकडे डॉक्टरेट केलेले विष्णु सीताराम सुकथनकर 1925 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताचे प्रमुख संपादक झाले. पुण्याहून गेलेली शिस्त दोन जर्मन शहरं फिरून परत आली.

सुकथनकरांपुढे मासची अडचण शंभर पटीने होती. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, अशा सगळ्या लिप्यांतल्या, आणि त्यांत सर्रास मिसळ. लाखमानचं झाड इथे सरळ उभं राहणार नव्हतं. 1933 च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी हे मोकळेपणाने मांडलं. त्यांनी घेतलं ते लाखमानचं नव्या करारातलं पथ्य: आम्ही व्यासांचं मूळ देत नाही, उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं मागे जातो. उत्तर आणि दक्षिण या दोन दूरच्या परंपरा एकमेकींशी संबंध नसताना जिथे जुळतात, तिथे पाय रोवायचा. स्वतःच्या कल्पनेने केलेल्या दुरुस्त्या फारच थोड्या. निबेलुंगनलीडवाला लाखमान त्यांनी पुण्यात येऊ दिला नाही, आणि आमच्या मते त्यांचं सगळ्यात मोठं संपादन हेच आहे.

तरी प्रश्न विचारला जातोच, आणि तो रागाने विचारला जातो. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची कथा परिशिष्टात का गेली? सभापर्व एजर्टन यांनी संपादित केलं, त्यात द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या वेळी कृष्णाचा धावा का नाही? याला ‘ते खोटं आहे’ असं उत्तर देणारा आवृत्ती वाचलेलाच नसतो. परिशिष्टात आहे म्हणजे फेकलेलं नाही. एवढंच म्हटलं आहे, की सगळ्या शाखांची साक्ष त्याला नाही. लोकांनी ती कथा शतकानुशतकं सांगितली ही वेगळी आणि खरी गोष्ट आहे, पण तिचा पुरावा वेगळ्या कपाटात ठेवायचा असतो.

अधिक गंभीर आक्षेप विद्वानांचा. सिल्व्हँ लेव्ही यांनी सुचवलं होतं, की नीलकंठाचा प्रचलित पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या. मादलेन बियार्दो यांनी पुढे म्हटलं, की मौखिक परंपरेच्या ग्रंथाला ही पद्धत लावणंच चूक, कारण असा पाठ कुणी कधी गायलेला नाही. यात तथ्य आहे. सुकथनकरांचं महाभारत कोणत्याही कीर्तनकाराने जसंच्या तसं कधी म्हटलं नसेल. पण 302 पानांचा तो ल्युक्रिशियसही कुणी पाहिलेला नाही, आणि तो नव्हता असं कुणी म्हणत नाही. फरक एवढाच, की ल्युक्रिशियसच्या मुळाशी एक ग्रंथ असल्याचा पुरावा सुटलेल्या पानांत मिळतो. महाभारताच्या मुळाशी तसा एक ग्रंथ होता का, यावर सुकथनकर सावध होते. त्यांचे अनुयायी पुष्कळदा नसतात.

तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी ग्रंथालयात भांडारकरी आवृत्तीचं आदिपर्व उघडून बघा. मजकुरात काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसेल. छपाईचा दोष नाही तो. संपादकाला जिथे पुरेशी खात्री नव्हती, तिथे त्याने ती रेघ घातली आहे. एकेका पानावर अशा किती रेघा आहेत ते मोजत वाचा, खालचे पाठभेदही बघा.

पुढच्या वेळी याकोब बेर्नाइस. धर्मांतर नाकारल्यामुळे त्याची प्राध्यापकी कशी अडली आणि ॲरिस्टॉटलच्या एका शब्दाचा त्याने 1857 मध्ये लावलेला अर्थ आजही का छळतो, ते बघू. आता प्रश्न घेऊ.